कडेबाहेर

जिल्ह्यावरून टेम्प्लेट आलं, पेनड्राइव्हात.
त्यावर धबधबा.
आमच्या गावात धबधबा नाही.
सात हातपंप आहेत, त्यातले तीन
लाल रंगानं माखलेले: हे पाणी पिऊ नये.

निखाडे साहेब म्हणाले, सुकेशनी,
उद्या दहाले मीटिंग, आपलं नाव तेवढं टाकून दे, बस.
अन् गाडीला किक मारून गेले वणीकडं.

मी नाव टाकलं.
खाली मात्र दुसऱ्याच गावाचं बसलेलं:
मौजा सावळापूर, सन २०१७-१८.
क्लिक केलं, लागेना.
काचेवरून फडकं फिरवावं
आणि धूळ आतल्या बाजूनं असावी,
तसं.

धबधबाही हातात येईना.
डिलीट दाबलं तर माझंच नाव गेलं.

चौकटीत तीन ठिपके दिले होते.
तीनच गोष्टी असाव्यात गावात, असं कुणीतरी ठरवलेलं.
मी सात पंप लिहिले,
तशी अक्षरं आपोआप आकसत गेली,
शेवटचा पंप, टेकामांच्या पोडावरचा,
मुंगीएवढा.
तिथलंच पाणी सगळ्यात वाईट.
तिथली पोरं हसताना तोंडावर हात धरतात.

आणि ळ दिसेना.
नळयोजना लिहिलं की न,
मग एक रिकामी खिडकी,
मग योजना.

आशाताई रजिस्टर द्यायला आली, मागं उभी राहून पाहत होती.
कावं, धबधबा कायले लावला? लोक हासतीन.
निंघून नाई राह्यला न बाप्पा, म्हटलं.
तिनं स्क्रीनवर बोटानं घासून पाहिलं, खरंच.

संध्याकाळी लाइट दोनदा गेली.
कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतल्या,
आणि मामेभावाला फोन लावला, त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे पांढरकवड्याला.
तो म्हणाला, तू वरून पुसून राह्यली.
व्ह्यूमध्ये जाय, तिथं मास्टर बसला असते.
कोणता मास्तर?
शायेतला नाही वं. स्लाइडायचा.

उघडलं.
एक मोठी स्लाइड,
तिच्या पोटाखाली अकरा लहान, ओळीनं,
मोठीला जे, तेच सगळ्यांना.
सावळापूर इथं होतं.
क्लिक केलं, भोवती आठ ठिपके उमटले,
मुकाट्यानं पुसलं गेलं.
मग धबधबा.
तो गेल्यावर इतकं पांढरं झालं
की मी क्षणभर कूलरकडं पाहिलं.

अक्षर आकसायचं बंद केलं.
फॉन्ट बदलला, ळ परत आला,
दोन्ही पोटं घेऊन.
पोडावरच्या पंपाला वेगळी स्लाइड दिली,
मोठ्या अक्षरात, एकट्याला.

सेव्ह करण्याआधी झूम कमी केला, सहज,
तर स्लाइडच्या कडेबाहेर,
जिथं नुसता राखाडी रंग असतो
आणि जिथलं काही पडद्यावर येत नाही,
बारीक अक्षरात होतं:

इथं पाण्याच्या तपासणीचा तक्ता पाह्यजे होता.
सायबाले म्हटलं. म्हणे डिझाइन बदलू नका.
दीपमाला, ऑपरेटर, सावळापूर.

अकरा वाजले होते. कुत्री भुंकून थांबली होती.
कोण असेल ही? अजून तिथंच असेल,
की लग्न होऊन गेली असेल कुठं?
सावळापूरच्या पोरांचे दात कसे असतील आता?
मी ते पुसलं नाही.
त्याच्याखाली, त्याच मापात, लिहिलं:
बदललं. तक्ता टाकला. सुकेशनी, खैरगाव.
आणि मास्टर बंद केला.

दहाच्या मीटिंगला साडेअकरा झाले.
सातवा पंप पडद्यावर आला,
मागच्या रांगेतल्या कोतवालानंसुद्धा मोठ्यानं वाचला.
मोठे साहेब चष्मा पुसत म्हणाले,
यात एक धबधबा होता ना?

नेमका तेव्हाच कूलर बंद पडला,
म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं.